‘इन्व्हाइट’ आणि ‘अट्रॅक्ट’ यांना अरबीत नेमके काय म्हणावे?

आपण विचारले आहे की, मस्कतमधील एका उपाहारगृहाचे इंग्रजी माहितीपत्रक अरबीत नेताना ‘इन्व्हाइट’, ‘इन्व्हायटिंग’, ‘अट्रॅक्टिव्ह’ आणि ‘टेम्प्टिंग’ या शब्दांपुढे शब्दकोशात प्रत्येकी पाच-सहा अरबी पर्याय दिसतात, तर त्यांतला कोणता कुठे वापरावा. इंग्रजीतून अरबीत झालेली व्यावसायिक भाषांतरे तपासण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, आणि सर्वाधिक दुरुस्त्या मला याच शब्दांच्या आसपास कराव्या लागत. हे पर्याय एकमेकांचे समानार्थी नाहीत, हे आधी मनाशी पक्के करावे. ओढणारा कोण आहे, ओढला जाणारा स्वतःच्या इच्छेने जातो का आणि बोलणाऱ्याला ते ओढले जाणे मान्य आहे का, यांवर अरबी शब्द ठरतो.

आमंत्रणापासून सुरुवात करते. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि बोलावण्याचा धातू दाल, ऐन, वाव या अक्षरांचा आहे. (ऐन हा कंठाच्या तळातून येणारा ध्वनी मराठीत नाही, म्हणून येथे तो ‘अ’ने दाखवला आहे.) ‘दआ’ म्हणजे बोलावले, ‘दअवह’ म्हणजे आमंत्रण, ‘दुआ’ म्हणजे प्रार्थना आणि शेवटी लांब आकार असलेला ‘दअवा’ म्हणजे फिर्याद. आपल्या मराठीतील ‘दावा’ आणि ‘दुवा’ हे दोन्ही शब्द याच धातूचे आहेत, हिंदीतील ‘दावत’ही त्याचीच. जेवणाचे बोलावणे, ईश्वराला घातलेली हाक आणि न्यायालयात मागितलेला हक्क ही एकाच घरातली भावंडे आहेत, हे लक्षात ठेवले की पुढचे धोके आपोआप दिसू लागतात.

पहिला धोका क्रियापदाबरोबर येणाऱ्या अव्ययाचा आहे. ‘दआ’पुढे ‘इला’ आले तर एखाद्या कार्याला बोलावले असा अर्थ होतो. ‘लि’ आले तर कुणासाठी तरी प्रार्थना केली, भले चिंतिले. आणि ‘अला’ आले तर शाप दिला. क्रियापद तेच राहते, केवळ एका अव्ययाने आमंत्रणाचा तळतळाट होतो. मराठी माणसाला हे परके वाटू नये, कारण ‘तिच्याशी बोलला’ आणि ‘तिला बोलला’ यांतला फरक आपण रोज पाळतो. इच्छेच्या क्रियापदाचीही हीच गत आहे. ‘रगिब फी’ म्हणजे हवेसे वाटले आणि ‘रगिब अन’ म्हणजे नकोसे वाटले, तोंड फिरवले. म्हणून शब्दकोशातून क्रियापद उचलताना त्याचे अव्ययही त्याच्याबरोबरच टिपून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा धोका ‘इन्व्हायटिंग’ या विशेषणाचा आहे. माहितीपत्रकात उपाहारगृहाचे वातावरण ‘इन्व्हायटिंग’ असते, आणि नवखा भाषांतरकार त्याच धातूवरून बोलावणाऱ्याचे रूप बनवतो, ते म्हणजे ‘दाइन’. पण या घराण्यातला ‘दाई’ किंवा ‘दाइयह’ हा शब्द ऐकताच अरबी वाचकाच्या डोळ्यांसमोर धर्माची हाक देणारा प्रचारक उभा राहतो. दुसऱ्या बाजूने ‘दाई’ म्हणजे कारण किंवा गरज असाही अर्थ आहे, म्हणून ‘ला दाई’ म्हणजे ‘गरज नाही’. जागेचे वर्णन करताना अरबी लेखक ‘दाफी’ म्हणजे ऊबदार, ‘मुरीह’ म्हणजे निवांत किंवा ‘मुरह्हिब’ म्हणजे स्वागतशील असे शब्द योजतात, आणि खाद्यपदार्थ असेल तर ‘शही’ म्हणजे भूक चाळवणारा. आपल्या माहितीपत्रकात इंग्रजीचा एकच शब्द चार ठिकाणी असला, तरी अरबीत चार वेगळे शब्द येऊ द्यावेत.

आमंत्रितांच्या यादीबाबतही एक सावधगिरी बाळगावी. ‘मदऊ’ म्हणजे आमंत्रित, आणि अनेकवचनात हा शब्द निर्धास्तपणे वापरता येतो. मात्र एकवचनात ‘अल-मदऊ’ लिहून त्यापुढे एखाद्याचे नाव घातले की तो पोलिसी अहवालातला ‘अमुक नावाचा इसम’ होतो. सन्माननीय पाहुण्याला असे लिहिणे अपमानास्पद आहे.

बोलीभाषेत तर आमंत्रणाचा शब्दच निराळा आहे. आखाती देशांत जेवणाच्या आमंत्रणाला ‘अजीमह’ म्हणतात आणि इजिप्तमध्ये ‘उजूमह’, परंतु प्रमाण अरबीत याच धातूचा मुख्य अर्थ निश्चय करणे असा आहे. इजिप्तमध्ये ‘नावाड्याचे आमंत्रण’ असा एक वाक्प्रचार आहे. नदीच्या मध्यावरून नावाडी काठावरच्या माणसाला ‘या, जेवायला या’ म्हणतो, आणि तो येऊ शकणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. आपण ज्याला तोंडदेखले बोलावणे म्हणतो, तेच हे. मराठीत आमंत्रण, निमंत्रण, बोलावणे आणि आवतण यांतून कोण कुणाला कशासाठी बोलावतो हे जसे जाणवते, तसेच तिथेही जाणवते, म्हणून छापील मजकुरात ‘दअवह’ आणि घरगुती संभाषणात ‘अजीमह’ हा भेद पाळावा.

आता आकर्षण. येथे मुख्य धातू जीम, जाल, बा हा आहे आणि त्याचा मूळ अर्थ अगदी शारीरिक आहे: दोरी ओढावी तसे ओढणे. ‘जज्ब’ म्हणजे ओढणे, ‘जज्जाब’ म्हणजे आकर्षक, ‘जाजिबिय्यह’ म्हणजे आकर्षणशक्ती. व्यक्तीची मोहकता आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण या दोहोंना हा शेवटचा शब्द चालतो. याच धातूचा साचा बदलला की अर्थाची दिशा बदलते. ‘इंजजब’ म्हणजे ओढला गेला, आणि ‘तजाजुब’ म्हणजे परस्परांची ओढ, जी दोन लोहचुंबकांत असते. सूफी परंपरेत ईश्वराच्या ओढीने भान हरपलेल्याला ‘मज्जूब’ म्हणतात. हा धातू स्वच्छ आहे, स्तुतीचा आहे, आणि आपल्याला शंका असेल तेव्हा हाच वापरावा. गुंतवणूक किंवा पर्यटक आकर्षित करण्यासाठी मात्र वृत्तपत्रांत ‘इस्तिक्ताब’ हा शब्दही सर्रास दिसतो. तो ‘कुत्ब’ म्हणजे ध्रुव या शब्दावरून आला आहे, ज्या शब्दाने आपल्याला कुतुबशाही आणि कुतुबमिनार ही नावे दिली.

खरी कसोटी ‘टेम्प्टिंग’ आणि त्याच्या भोवतीच्या शब्दांची आहे. ‘इग्रा’ म्हणजे मोह घालणे. त्याच धातूतला ‘गिरा’ म्हणजे सरस, चिकटवण्याचा डिंक, आणि चिकटून बसण्याची ही छटा क्रियापदातही आहे. सवलतीला किंवा किमतीला ‘मुग्री’ म्हणणे रूढ आणि निर्दोष आहे, पण स्त्रीच्या संदर्भात शब्द लगेच मादकतेकडे झुकतो. इजिप्शियन चित्रपटांतील मादक भूमिकांच्या तारकांना ‘इग्रा’च्या तारका म्हणतात. याच्याशी उच्चाराने अगदी जवळचा ‘इग्वा’ हा शब्द मात्र निखालस दोषाचा आहे. त्याचा अर्थ वाट चुकवणे, भ्रष्ट करणे असा असून कुराणात तो इब्लिसच्या म्हणजे सैतानाच्या तोंडी येतो. एका अत्तराच्या जाहिरातीत एका अक्षराच्या चुकीने ‘इग्रा’चा ‘इग्वा’ झालेला मी छपाईपूर्वी पकडला होता, आणि तेव्हापासून हे दोन शब्द मी नेहमी अक्षर लावून वाचते.

‘फितनह’ हा शब्द मला या साऱ्यांत सर्वांत खोल वाटतो. त्याच्या क्रियापदाचा जुना अर्थ सोने आगीत घालून त्याचा कस पाहणे असा होता. त्यातून परीक्षा, मग मोह, मग माणसांना आपापसांत फोडणारी बंडाळी असे अर्थ निघाले. इ. स. 656 मध्ये खलिफा उस्मान यांच्या हत्येनंतर जे यादवी युद्ध पेटले, त्याला अरबी इतिहासकार ‘फितनह’च म्हणतात. आणि तरीही त्याच धातूचा ‘फातिन’ हा शब्द सौंदर्याची निःसंशय स्तुती आहे. म्हणजे विशेषण निर्धास्त वापरावे, नामाला मात्र जाहिरातीत हात लावू नये. निसर्गदृश्यासाठी ‘खल्लाब’ वापरतात. त्याच धातूतून शिकारी पक्ष्याची नखी आणि पावसाविना चमकून फसवणारी वीज यांचे शब्दही आले आहेत. पण आजच्या वाचकाला त्यांची आठवण होत नाही, त्यामुळे समुद्रकिनाऱ्याचा देखावा ‘खल्लाब’ म्हणायला हरकत नाही.

मराठी भाषांतरकाराला एका ठिकाणी मात्र इंग्रजीपेक्षा अरबी जवळची वाटेल. ‘मला हे आवडले’ यात आपल्याकडे आवडणारी गोष्ट कर्ता असते, आणि अरबीतील ‘अअजबनी’ची रचनाही तशीच आहे: त्या गोष्टीने मला भुरळ घातली. हा धातू आपल्या ‘अजब’चा आहे. ‘आमच्या पाहुण्यांना हे पदार्थ आवडतात’ असे वाक्य असेल तर इंग्रजी वाक्यावरून न जाता थेट मराठी वाक्यावरूनच अरबी बांधून पाहावे.

माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळीत, जिथे इंग्रजीत ‘वुई इन्व्हाइट यू’ आहे, तिथे ‘दआ’ची गरजही नाही. ‘तफद्दलू बि-जियारतिना’ असे लिहावे. ‘तफद्दलू’ हे ‘फद्ल’ म्हणजे कृपा, अधिकचे देणे यावरून आले आहे, आणि आपला ‘फाजील’ही त्याच धातूचा आहे. येऊन आमच्यावर उपकार करा, असा त्याचा भाव आहे, आणि दारात उभे राहून पाहुण्याला आत घेताना ओमानी यजमान हाच शब्द उच्चारतो.