कचरा नेमका कुठे मोजायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात आम्ही कारखाने, हॉटेलं, गोडाऊन यांच्या कचऱ्याच्या हिशोबाबद्दल प्रश्न मागवले होते. बऱ्याच जणांची अडचण एकच दिसली, टक्केवारी काढताना नेमकं काय धरायचं आणि काय सोडायचं. त्यातले पाच प्रश्न इथे घेतलेत.

प्रश्न (चाकणहून एक वाचक): आम्ही ऑटो पार्ट्स बनवतो. मोठ्या कस्टमरने या वर्षीपासून 'तुमचा वेस्ट किती टक्के रिसायकल होतो' असं विचारायला सुरुवात केलीय. अकाउंट्सवाल्यांनी सगळी बेरीज करून ९० टक्के लिहून दिलं. मला ते पटत नाहीये पण चूक कुठे आहे ते सांगता येत नाहीये.

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. बेरीज कदाचित ठीक असेल पण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात, आणि हे मी खूप कंपन्यांच्या कागदांवर बघितलंय. आकडे धरून बघू. समजा महिन्याला २० टन 'वेस्ट' लिहिला जातो. त्यातले ६ टन मोल्डिंगचे रनर, म्हणजे साच्यात प्लास्टिक जाण्याच्या वाटेत घट्ट झालेले तुकडे, जे तुम्ही ग्राइंडरमध्ये बारीक करून परत त्याच मशीनला लावता. ९ टन बाहेर विकला जातो, म्हणजे ५ टन स्टीलचं टर्निंग (लेथवर निघालेला कीस), २ टन पुठ्ठा, २ टन प्लास्टिक फिल्म आणि गोण्या. ३ टन तेलकट कापड आणि पेंट स्लज (रंगाचा गाळ) सिमेंटच्या भट्टीला जातो आणि २ टन मिक्स कचरा डंपला. अकाउंट्सने ६, ९ आणि ३ मिळवले, २० पैकी १८, झाले ९० टक्के.

आता रनर आधी बाहेर काढा. ते वेस्ट नाहीतच, तो तुमचा प्रोसेसमधला माल आहे जो प्रोसेसमध्येच परत गेला. पर्यावरणाबद्दलचे दावे कसे करायचे ते सांगणाऱ्या आयएसओ १४०२१ या स्टँडर्डमध्येसुद्धा त्याच प्रोसेसमध्ये परत वापरलेला रिग्राइंड (बारीक केलेला माल) रिसायकल्ड मटेरियल म्हणून धरत नाहीत. म्हणजे खालचा आकडा, एकूण वेस्ट, १४ टन झाला. सिमेंट भट्टीत गेलेले ३ टन जळले, त्यातून उष्णता मिळाली, कोळसा थोडा वाचला, राख क्लिंकरमध्ये (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) मिसळली. हे डंपला टाकण्यापेक्षा नक्कीच चांगलं आहे पण ते रिसायकलिंग नाही, ते एनर्जी रिकव्हरी म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचं. राहिले ९ टन, १४ पैकी ९ म्हणजे ६४ टक्के.

आणि हेही शेवटचं नाही. टर्निंगला कुलंट (मशीनिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात ते द्रावण) आणि तेल चिकटलेलं असतं, फिल्मवर माती, टेप, लेबलं असतात. रिसायकलरकडे गेल्यावर टर्निंगमधून अर्धा टन आणि फिल्ममधून ४०० किलो बाजूला पडलं असं धरलं तर ८.१ टन उरतो, म्हणजे ५८ टक्के. युरोपियन युनियनमध्ये म्युनिसिपल कचऱ्याचं टार्गेट २०२५ ला ५५, २०३० ला ६० आणि २०३५ ला ६५ टक्के असं आहे, आणि तिथे आता वजन धरतात ते गेटवरून बाहेर पडलेलं नाही, निवडून साफ होऊन खऱ्या रिसायकलिंगच्या प्रोसेसमध्ये जे आत गेलं ते. आपणही तसंच धरावं असं माझं मत आहे. कस्टमरला ५८ लिहून द्या आणि सोबत २१ टक्के एनर्जी रिकव्हरी असं वेगळं लिहा. आकडा कमी दिसेल पण पुढच्या वर्षी कुलंट नीट निथळवून टर्निंग पाठवलं तर तोच आकडा वाढलेला दिसेल, ९० लिहून बसलात तर काही सुधारलं तरी दिसणार नाही.

प्रश्न (पिंपरीहून, भंगारचं गोडाऊन असलेले वाचक): आम्ही कंपन्यांकडून माल उचलतो तेव्हा त्या आमच्याकडे रिसायकलिंगचं सर्टिफिकेट मागतात. आम्ही माल निवडतो, गठ्ठे बांधतो, पुढे पाठवतो. लेटरहेडवर लिहून दिलं तर चालतं का?

उत्तर: नाही, देऊ नका, कंपनी कितीही मागे लागली तरी. तुम्ही रिसायकलिंग करत नाही, तुम्ही त्याच्या आधीचं काम करता, आणि ते काम कमी महत्त्वाचं अजिबात नाही कारण निवड नीट झाली नाही तर पुढे काहीच होत नाही. पॅकेजिंग प्लास्टिकच्या ईपीआरची (माल विकणाऱ्या कंपनीवर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी टाकणारा नियम) सर्टिफिकेटं सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर रजिस्टर्ड प्रोसेसरच तयार करू शकतो, २०२२ च्या गाइडलाइन्समध्ये तसं आहे. तिथेही गडबड झालीच. २०२३ मध्ये तपासणी झाली तेव्हा गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार रिसायकलर्सनी मिळून सहा लाखांच्या आसपास बोगस सर्टिफिकेटं काढल्याचं बाहेर आलं, म्हणजे कागदावर प्लास्टिक रिसायकल झालं आणि प्रत्यक्षात ते कुठे गेलं कुणास ठाऊक.

तुम्ही देऊ शकता ती गोष्ट म्हणजे काटा पावती. माल आला तेव्हाचं वजन, निवडल्यावर प्रत्येक ग्रेडचं वजन, फेकून दिलेलं किती आणि पुढे कोणाला कोणत्या बिलावर गेलं. एवढी वही ठेवलीत तर कंपनीला सर्टिफिकेटपेक्षा जास्त उपयोग आहे, कारण एकच गठ्ठा कंपनीने मोजला, तुम्ही मोजला आणि रिसायकलरनेही मोजला की एका टनाचे तीन टन होतात. कचरा वेचणाऱ्या बायकांपासून तुमच्यापर्यंत जी माणसं हे सगळं उचलतात त्यांचं काम सरकारी आकड्यांत फारसं दिसत नाही, तुमच्या वहीत तरी दिसू दे.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर): आमची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) आहे. मोल्डिंगची वाळू आम्ही परत परत वापरतो आणि शेवटी उरलेली खड्डे भरायला जाते. मग आमचा रीयूज १०० टक्के म्हणायचा का?

उत्तर: खड्डा भरणं वेगळं लिहा. याच प्रकारची गोष्ट फ्लाय ॲशमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीज प्लांटच्या राखेत दिसते. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ॲथॉरिटीच्या रिपोर्टमध्ये २०२१-२२ साली देशातल्या थर्मल प्लांटच्या राखेचा जवळपास ९६ टक्के वापर झाला असं आहे, ऐकायला फार छान वाटतं, पण त्या 'वापरा'त सिमेंट आणि विटा आहेत तशाच सखल जागा भरणं आणि जुन्या खाणी भरणं हेही आहे. सिमेंटमध्ये गेलेल्या राखेने क्लिंकर वाचतो. खाणीत भरलेल्या राखेनेही माती-मुरूम वाचतो, पण खाली पाणी झिरपतंय का ते बघत राहावं लागतं. दोन्ही एका टक्केवारीत घातलं की हा फरक कोणालाच कळत नाही.

वाळूसाठी माझ्या मते सगळ्यात खरा आकडा टक्केवारी नाहीच. एक टन चांगल्या कास्टिंगमागे (ओतून तयार झालेल्या मालामागे) तुम्ही नवी वाळू किती किलो विकत घेतली ते बघा. वाळू प्लांटमध्ये किती फेऱ्या मारते ते सांगणं सोपं असतं आणि तपासणं अवघड, पण खरेदीची बिलं आणि कास्टिंगचं डिस्पॅच तुमच्याकडे आहेच. हा आकडा दर महिन्याला खाली येत असेल तर रिक्लेमेशन, म्हणजे वाळू साफ करून परत वापरणं, खरंच होतंय. ग्रीन सँड (बेंटोनाइट ही माती आणि पाणी घालून बांधलेली वाळू) आणि कोअरची, म्हणजे साच्याच्या आतल्या गाभ्याची रेझिनवाली वाळू यांचा हिशोब मात्र वेगळाच ठेवा. बेंटोनाइटवाल्या वाळूला जो रस्ता मोकळा आहे तो फिनॉल किंवा फ्युरान रेझिनवाल्याला असेलच असं नाही, टेस्ट केल्याशिवाय भरावाला तर देऊच नका, आसपास शेतं आणि विहिरी आहेत.

प्रश्न (ठाण्याहून, बँक्वेट हॉलचे मॅनेजर): आमच्या मशीनमध्ये रोज १५० किलो ओला कचरा जातो आणि २५ किलो खत निघतं. मग रिसायकलिंग १७ टक्केच झालं का?

उत्तर: नाही, इथे आत गेलेलं वजन धरायचं. खरकट्यात बहुतेक भाग पाणीच असतं, ते उडून जातं, तो तुमचा दोष नाही. पण आत टाकताना चमचे, फॉइल, पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या वाट्या जे काही निघतं ते वजा करा. १५० मधून १५ किलो असं निघालं तर १३५ लिहायचं. खरा प्रश्न दुसराच आहे, ते २५ किलो खत आहे का? २४ तासांत खत देतो म्हणणाऱ्या बऱ्याच मशीन्स कचरा फक्त गरम करून सुकवतात आणि बारीक करतात. त्या भुकटीला पाणी लागलं की परत वास यायला लागतो. ती पुढे काही आठवडे मुरवली आणि मग झाडांना घातली तर मोजा. पोत्यात भरून परत कचऱ्याच्या गाडीत जात असेल तर मोजू नका. रोज १०० किलोच्या वर कचरा म्हणजे तुम्ही नियमाप्रमाणे बल्क वेस्ट जनरेटर (मोठ्या प्रमाणात कचरा करणारे) आहात, महापालिका विचारेल तेव्हा भुकटी कुठे गेली हेही सांगता यायला हवं.

प्रश्न (तारापूरहून): हॅझार्डस (धोकादायक) वेस्टच्या वार्षिक रिटर्नमध्ये आमचा स्लजचा आकडा कधीच जुळत नाही. वर्षाच्या सुरुवातीला २ टन शिल्लक, ३० टन तयार झाला, २७ टन पाठवला, ३ टन शिल्लक. २ टन गेला कुठे? सर म्हणतात आकडा ॲडजस्ट करून टाक.

उत्तर: ॲडजस्ट करू नका प्लीज. ते २ टन बहुतेक पाणी असणार. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या गाळात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं, शेडमध्ये पडून तो सुकतो आणि उन्हाळ्यात तर फारच. तुम्ही तयार होताना ओला मोजता आणि जाताना थोडा सुकलेला मोजता, मग जुळणार कसा. दोन्ही वेळी सॅम्पल काढून ओव्हनमध्ये सुकवा आणि कोरडं वजन काढा. कोरडं वजन जुळलं तर फरक पाण्याचाच होता आणि तसं रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, ऑफिसर विचारतील तेव्हा दाखवायला. कोरडं वजनसुद्धा जुळलं नाही तर मग खरंच शोधावं लागेल, एकेक मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या गाडीसोबत जाणारा कागद) काढून तुमच्या काट्याचं वजन आणि समोरच्या साइटने लिहिलेलं वजन शेजारी शेजारी मांडा, गाडीचं रिकामं वजन दर वेळी केलं होतं का तेही बघा. रिटर्न ३० जूनपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे हे काम जूनच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, एप्रिलमध्येच बसा.