उबुंटू टाकल्यावर वायफाय दिसत नाही. हा लॅपटॉप लिनक्सला चालत नाही असं समजायचं का?

नाही, इतक्यात तसं समजू नका. तुमचा लॅपटॉप २०१४ चा, विंडोज १० चे अपडेट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले म्हणून तुम्ही उबुंटू टाकलं, वायफाय दिसेनासं झालं आणि सातपूरच्या दुकानात 'या मॉडेलला लिनक्स सपोर्ट नाही' असं सांगितलं. पण मॉडेलच्या नावावरून हे ठरत नाही. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची वायफाय कार्डं निघतात. बघायचा तो आतल्या चिपचा नंबर.

टर्मिनल (जिथे आज्ञा टाइप करून देतात ती खिडकी) उघडून एलएसपीसीआय टाइप करा, जागा सोडून डॅश एनएन, म्हणजे इंग्रजीत lspci -nn. 'नेटवर्क कंट्रोलर'ची ओळ शोधा, शेवटी चौकोनी कंसात नंबर असतो. सुरुवात ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम. त्या काळच्या घरगुती लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉम ४३१४२ फार सापडतं, तुमचंही तेच असावं. त्याचा नंबर १४ई४:४३६५.

या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, ब्रॉडकॉमनं खुला केलेला नाही, म्हणून तो कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येत नाही, वेगळा टाकावा लागतो. आणि तो डाउनलोड करायलाच नेट हवं! त्यासाठी अँड्रॉइड फोन डेटा केबलनं जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक फोन तेच नेट पुढे देतात, मोबाइल डेटा खर्च होत नाही. मग उबुंटूतलं 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडून ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा.

सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेले प्रोग्राम अडवणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. दहा सेकंदांत एखादी की दाबली नाही तर तो निघून जातो, आणि घाईत पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट' निवडला तरी ड्रायव्हर चालत नाही. खालचा 'एनरोल एमओके' निवडा, कंटिन्यू करा, येस म्हणा आणि तोच पासवर्ड द्या.

पुढे कधी कर्नल अपडेटनंतर वायफाय पुन्हा गेलं तर घाबरू नका. सुरू होताना ग्रबच्या (लॅपटॉप सुरू करताना येणाऱ्या मेनूच्या) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. सारखंच होत असेल तर सरळ इंटेलचं कार्ड बसवून घ्या. मात्र काही जुन्या लॅपटॉपचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारा आतला प्रोग्राम) ठरावीक कार्डंच स्वीकारतो, दुसरं लावलं तर लॅपटॉप सुरूच होत नाही. त्यामुळे कार्ड परत घेण्याची बोली करूनच विकत घ्या.

दुसरा लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कंपन्यांनी काढून टाकलेले ऑफिसचे लॅपटॉप बघा. त्यांत बहुधा इंटेलचं वायफाय असतं आणि ते इन्स्टॉल करताच चालतं. दुकानात जाताना उबुंटूचा पेनड्राइव्ह न्या, 'ट्राय उबुंटू'वर चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे तिथेच तपासा. डिस्कला हात लागत नाही, त्यामुळे दुकानदारानं हरकत घ्यायचं कारण नाही.

ती कंसातली ओळ इथे टाका. रिअलटेक निघालं तर उपाय वेगळा आहे, तोही लिहितो.