टॅकोमीटर दुप्पट आकडा दाखवतोय? आधी टेप बघा

लेसर टॅकोमीटर, म्हणजे टेपवरून परतणारा किरण मोजून फिरण्याचा वेग सांगणारं यंत्र, नवा असेल तर पहिलं लक्ष रिफ्लेक्टिव्ह (किरण परतवणाऱ्या) टेपकडे द्या. मशीन पूर्ण बंद करा, शाफ्टवरचं (फिरणाऱ्या दांड्यावरचं) तेल पुसा आणि साधारण १ सेंटिमीटरचा एकच तुकडा चिकटवा. शाफ्ट चकचकीत असेल तर आधी त्यावर काळा मॅट रंग द्या. नाहीतर कीवे (शाफ्टवरची खाच) किंवा ओरखड्यावरूनही किरण परतून १४४० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) जागी २८८० दिसतं. किरण थोडा तिरका धरा.

आकडा मोटरच्या नेमप्लेटशी ताडून पाहा. ५० हर्ट्झवर ४ पोलची इंडक्शन मोटर भाराखाली १५०० आरपीएमपेक्षा थोडी कमीच फिरते. व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं उपकरण) नसताना १५०० च्या वर आकडा आला, तर मापन चुकलंय.

स्पर्शाच्या टॅकोमीटरचं रबरी टोक शाफ्टच्या बरोबर मध्यात, सरळ रेषेत दाबा. घसरलं की आकडा कमी येतो.

स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरवलेल्या वेगाने लुकलुकणारा दिवा, जास्त फसवतो. लुकलुकण्याचा वेग खऱ्या वेगाच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर असला तरी शाफ्टवरची खूण स्थिरच दिसते. म्हणून लुकलुकण्याचा वेग वरून खाली आणा. एकच खूण पहिल्यांदा थांबलेली दिसेल तो खरा वेग. आणि कृपा करून, थांबल्यासारख्या दिसणाऱ्या त्या शाफ्टजवळ हात नेऊ नका. तो पूर्ण वेगात फिरत असतो.