भाव चढला की उतरला, अक्षच सांगेना

प्रश्न : लासलगावच्या बाजारातले कांद्याचे रोजचे सरासरी भाव एक्सेलमध्ये टिपून ठेवले आहेत. ती फाइल सीएसव्ही करून पायथनमध्ये, पांडाज (तक्ते हाताळणारी) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढणारी) या लायब्रऱ्या वापरून आलेख काढला. उभ्या अक्षावर तळाला १,८५०, त्याच्यावर १,२००, त्याच्याही वर २,१००! एरर मात्र एकही नाही. (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : तुमच्या रकान्यात आकडे नाहीत, मजकूर आहे. मॅटप्लॉटलिब मजकुरावर कुरकुरत नाही. प्रत्येक वेगळ्या मजकुराला फाइलमधल्या क्रमाने ०, १, २ अशी जागा देत जातं. म्हणून पहिल्या दिवसाचा भाव तळाला.

आधी रकान्याचा 'डीटाइप', म्हणजे माहितीचा प्रकार, पाहा. इंट६४ (पूर्णांक) किंवा फ्लोट६४ (दशांश संख्या) नसेल तर कारणं बहुधा दोन : हजाराचा स्वल्पविराम, आणि लिलाव नसलेल्या दिवशी भावाच्या जागी लिहिलेलं 'बंद'. असा एक सेल पुरतो, अख्खा रकाना मजकूर होतो.

इथे बरेच जण मजकुराचे आकडे करणाऱ्या 'टू_न्यूमेरिक'ला 'एरर्स=कोअर्स' (जमेल ते बदल, बाकीचं रिकामं सोड) देऊन मोकळे होतात. त्याला स्वल्पविराम कळत नाही, त्यामुळे 'बंद'सोबत १,८५० सुद्धा एनएएन ('आकडा नाही', म्हणजे रिकामी जागा) होतं आणि ९५० सारखे तीन अंकी भाव तेवढे उरतात. आलेख निघतो, पण नुसता मंदीचा!

त्यापेक्षा 'रीड_सीएसव्ही'मध्येच 'थाउजंड्स'ला स्वल्पविराम आणि 'एनए_व्हॅल्यूज'ला 'बंद' द्या. दोन्ही एकदम हवेत. पहिलं एकटं दिलं तर 'बंद'मुळे रकाना मजकूरच राहतो. आता १८५०.० असं दिसेल. दशांश खटकला तरी इंटमध्ये बदलू नका. इंट६४ मध्ये एनएएन बसत नाही, एरर येते. एनएएनच्या जागी ० भरणं त्याहून वाईट, दर सुटीला भाव कोसळलेला दिसेल. रेघ तुटू द्या. फक्त 'मार्कर' (प्रत्येक बिंदूवरची खूण) द्या, नाहीतर दोन सुट्यांच्या मधला एकटा दिवस दिसणारच नाही. एका बिंदूची रेघ होत नाही.

तारखांना 'टू_डेटटाइम'मध्ये 'डेफर्स्ट=ट्रू' लागतं. नाहीतर ०५/०३ ही ५ मार्चऐवजी ३ मे होते.

प्रश्न : नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीमध्ये −८ ते ८ साठी घनमूळाचा आलेख काढला, डावी बाजू कोरी. घात (१/३) दिला होता. (एक विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : १/३ हा तिथे दशांश अपूर्णांक आहे, आणि ऋण वास्तव संख्येला असा घात दिला की नमपाय एनएएन देतं. साध्या पायथनमध्ये −८ चं उत्तर साधारण १ + १.७३i असं संमिश्र येईल, तेही तुमच्या कामाचं नाही. नमपायचं घनमूळ काढणारं 'सीबीआरटी' वापरा, −२ मिळेल.