उत्तर: भाच्याने ५-१ हरवलं, आता मॅन्युअल सोडू का?

भावा, तुझी पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. नाशिकच्या सिडकोत घर, अंबडला शिफ्ट, इतकी वर्षं फिफा हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळलास ते पास-शॉट सगळं मॅन्युअलवर, आणि दिवाळीच्या सुट्टीत आलेला नववीतला भाचा असिस्टेडवर नुसती एक्स आणि सर्कलची बटणं बडवत ५-१ करून गेला. वर पंधरा दिवसांनी कंपनीतली स्पर्धा, म्हणून आजच सगळं असिस्टेड करून टाकू का, असं विचारतोस. ही माझीच गोष्ट आहे रे. फरक एवढाच की मला हरवणारा पुतण्या होता आणि तो आठवीत होता.

मॅन्युअल, सेमी, असिस्टेड म्हणजे काय हे तुला सांगायची गरज नाही. नवख्यांसाठी एवढंच: मॅन्युअलवर पास-शॉटची दिशा आणि ताकद सगळी आपली, असिस्टेडवर गेम ती सावरून घेतो, सेमी या दोघांच्या मधलं. थेट मुद्द्यावर येतो: स्पर्धेच्या तोंडावर सगळं एकदम बदलू नकोस. मी नेमकं तेच केलं होतं.

आमची सुरुवात कॉलेज रोडच्या व्हिडिओ गेम पार्लरमधली. वीस रुपये तास, पीएस-२ म्हणजे प्लेस्टेशन, त्यावर पीईएस ६ हा फुटबॉलचाच गेम, आणि ऐन पेनल्टीला लोडशेडिंग. पुढे मित्राने पीएस-३ घेतला, त्यावर फिफा १० आला. तोवर खेळाडू आठच दिशांना वळायचा, त्यात ३६० अंशांत फिरायला लागला. तेव्हा आमच्या टोळक्याने ठरवलं की इथून पुढे मॅन्युअलच, असिस्टेड खेळेल तो बच्चा. ही मिजास मी नऊ वर्षं बाळगली.

मग २०१९. फिफा १९ चालू होता. गंगापूर रोडला एक स्पर्धा लागली, बत्तीस जणांची. कुणाची ते लिहीत नाही. दहा दिवस आधी पुतण्याकडून मार खाल्ला आणि त्याच रात्री रागाच्या भरात मी पास असिस्टेड, थ्रू पास (धावत्या खेळाडूच्या पुढे मोकळ्या जागेत टाकायचा) असिस्टेड, शॉट असिस्टेड, खेळाडू बदलणं (आपल्या हातात कोणता खेळाडू हे ठरवणं) पूर्ण ऑटो आणि टाइम्ड फिनिशिंग (शॉटला अचूक वेळी बटण दुसऱ्यांदा दाबणं) बंद, असं सगळं करून टाकलं. नंतर कॉम्प्युटरशी खेळलो तर ६-० जिंकलो. बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिने काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्पर्धेत पहिल्याच फेरीत ४-० ने बाहेर. समोर शाळेच्या गणवेशातला पोरगा, मागे त्याची आई डबा घेऊन बसलेली.

झालं काय, ते मला नंतर कळलं. मॅन्युअलवाल्याच्या कंट्रोलरची स्टिक खेळाडूकडे नसते, त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेकडे असते. असिस्टेडमध्ये त्या दिशेला आपला कोण उभा आहे हे गेम बघतो आणि चेंडू त्याच्या पायाशी नेऊन देतो. मी जागा दाखवत होतो, गेम माणूस शोधत होता आणि चेंडू पलीकडच्या भलत्याच विंगरकडे जात होता. तीच गत ताकदीची. बटण थोडं जास्त दाबायची माझ्या बोटाला सवय, त्यामुळे जवळचा सुटून लांबचा निवडला जायचा. प्रत्येक पास चुकला की वाटायचं गेम गंडलाय.

पण खरा घात केला ऑटो स्विचिंगने. चेंडू माझ्या बॉक्सकडे आला की सवयीने एल-वन दाबून मी डिफेंडर बदलायचो. त्याच क्षणी गेमनेही आपणहून बदललेला असायचा. म्हणजे बदल दोनदा, आणि कर्सर जाऊन बसायचा तिसऱ्याच माणसावर. मी स्टिक ओढली की तो बिचारा आपली जागा सोडून धावत सुटायचा. चारातले दोन गोल निव्वळ यामुळे खाल्ले. तिसरा गोल मी सेंटर बॅकला उगाच पुढे काढल्यामुळे. चौथा त्याच्या कॉर्नरवर हेडर, त्यात मला काही म्हणायचं नाही. म्हणजे ज्या असिस्टेड पासच्या नावाने मी दहा दिवस शिव्या घालत होतो, त्या पासने गोल किती झाले? एकही नाही. मॅच पुतण्याने मोबाइलवर शूट केली होती म्हणून कळलं, नाहीतर मी आजही गेमलाच दोष देत बसलो असतो.

आयोजकांबद्दल थोडं बोलू दे. आधी तीनदा फोन करून विचारलं की कंट्रोल आपापले लावता येतील का, हाफ किती मिनिटांचा, स्वतःचा कंट्रोलर चालेल का. तिन्ही वेळा एकच उत्तर, ‘या तुम्ही, आल्यावर सांगतो.’ तिथे गेल्यावर सेटिंग लावायला एक मिनिट दिलं. कंट्रोलर त्यांचाच वापरायचा, आणि त्याची डावी स्टिक सैल, खेळाडू आपोआप कडेला सरकायचा. तक्रार केली तर काउंटरवरचा म्हणतो, ‘सगळ्यांनी ह्याच्यावरच खेळायचंय ना?’ तीनशे रुपये फी होती. तू कंपनीतल्यांना हे तीन प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील.

सोप्या कंट्रोलमुळे कौशल्याला किंमत उरली नाही, असं तू लिहिलंयस. मला अर्धंच पटतं. पासिंगमधलं अंतर कमी झालंय, यात वाद नाही. ई-फुटबॉलमध्येही (पीईएसचंच नवं नाव) आता स्मार्ट असिस्ट आहे, तो पास, शॉट, ड्रिबल सगळ्यात मदत करतो. पण २०११ चा फिफा १२ आठव. त्याच्या आधी बटण दाबून धरलं की आपला डिफेंडर कुत्र्यासारखा चेंडूमागे लागायचा. टॅक्टिकल डिफेंडिंग आल्यावर अंतर राखणं, एल-टू धरून आडवं सरकणं आणि टॅकलची वेळ हे सगळं आपल्या अंगावर आलं. तेव्हा ‘फार अवघड केलं’ म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो. आजची पोरं तिथेच आपल्याला धुतात. तुझ्या भाच्याचा उजवा हात बघ, स्प्रिंटचं बटण तो क्वचितच दाबत असणार. आपण ते पहिल्या मिनिटापासून सोडतच नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये, २०२३ साली, मॉडर्न कंट्रोल आले. एका बटणावर स्पेशल मूव्ह निघते, पण तशी मारली तर समोरच्याचं नुकसान २० टक्के कमी होतं. सोय हवी तर घ्या, थोडी किंमत मोजा. फुटबॉलच्या गेममध्ये असिस्टेडवाला काहीच मोजत नाही आणि मॅन्युअलवाल्याला जास्तीचं काहीच मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, अजूनही. पण नियम असा असताना मॅन्युअलवर अडून बसणं म्हणजे नाशिक-पुणे रोडवर बैलगाडी काढून वर ट्रकवाल्यांना शिव्या घालणं.

मी कुणी प्रो खेळाडू नाही, आणि मोबाइलवरच्या गेममधलं मला शष्प कळत नाही. तेव्हा पुढचं आपल्या जबाबदारीवर घे.

पंधरा दिवसांत फक्त पास सेमीवर आण. दिशेला थोडी मदत मिळते, ताकद तुझ्याच हातात राहते, त्यामुळे बोटांची सवय पार मोडत नाही. शॉट मॅन्युअलच ठेव, वर्षानुवर्षांचा अंदाज फुकट घालवू नकोस. खेळाडू बदलणं पूर्ण ऑटो अजिबात करू नकोस. फार तर हवेतल्या आणि सुट्या चेंडूंपुरतं ठेव. थ्रू पासला स्पर्धा संपेपर्यंत हात लावू नकोस. आणि सराव कॉम्प्युटरशी नको, माणसाशी कर. माझ्या त्या ६-० ने माझं वाटोळं केलं.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी सांगतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू आहे ना, ते बघ. आमच्याकडे दोन वर्षं बंद होता. बटण दाबलं की खेळाडू जरा उशिराने हलायचा आणि मी त्याला माझं वय समजत होतो. आता सकाळी थंडीही पडायला लागलीय. मॅचच्या आधी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बस, गारठलेल्या अंगठ्याने स्टिक नीट फिरत नाही.

भाचा अजून घरीच असेल तर परत जायच्या आत त्याच्याशी दहा मॅच खेळ, तू सेमीवर, तो त्याच्या मनाने. मामाला शिकवायला त्याला आवडेल, वर मिसळ कबूल कर. दहाही स्कोअर इथे टाक, पुन्हा ५-१ झाले तरी टाक. आणि गोल कसे खाल्लेस ते प्रत्येकापुढे एका ओळीत लिही, म्हणजे पुढचं बोलता येईल.