झाडं खरंच झोपतात का?

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रुसली होतीस. आजीबरोबर कमाटी बागेत गेलीस, चैत्रगौरीच्या आराशीसाठी चाफ्याच्या फांदीला हात घातलास आणि आजीने तो धरला. म्हणाली, "दिवे लागले, झाडं झोपली आता." तू मला विचारलंस, झाडं खरंच झोपतात, की आजीला नुसतं 'नाही' म्हणायचं होतं? मी घाईत "मोठी झालीस की कळेल" म्हणाले. ते चुकलंच माझं. म्हणून हे पत्र.

झोपतात गं. आपल्या गल्लीच्या टोकाची चिंच आठव. दिवसभर तिची बारकी पानं पसरलेली असतात आणि अंधार पडू लागला की जोडीजोडीने मिटतात. पानाच्या देठाशी एक छोटा फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींत पाणी भरतं आणि ओसरतं, त्यानुसार पान उघडतं किंवा मिटतं. लाजाळूचं पान मिटतं तेही अशाच सांध्यामुळे. बर्च नावाचं एक झाड आहे, माझ्या खिडकीसमोरही आहे. फिनलंड आणि ऑस्ट्रियातल्या बर्चवर शास्त्रज्ञांनी रात्रभर लेझर लावून मोजमाप केलं, ते २०१६ मध्ये छापून आलं. पहाटेपर्यंत फांद्या दहा सेंटीमीटरपर्यंत खाली झुकल्या होत्या आणि सकाळी पुन्हा वर आल्या. माणसासारखी झोप म्हणता येणार नाही, पण रात्रीचं झाड दिवसाच्या झाडासारखं नसतं, हे नक्की.

कुणी तुला सांगेल की रात्री झाडं विषारी वायू सोडतात, म्हणून जवळ जायचं नाही. त्याला घाबरू नकोस. झाडं दिवसाही श्वास घेतात आणि रात्रीही. रात्री ऊन नसल्यामुळे प्राणवायू तयार होत नाही, एवढंच. अंधारात झाडीत हात घालू नये याचं खरं कारण विंचू-साप, आणि कमाटी बागेच्या तर शेजारून विश्वामित्री वाहते, मगरींची नदी!

पण आजीने हात धरला तो यातल्या कशासाठीच नाही, असं मला वाटतं. तिला तू सकाळी पाहिलं आहेस ना? आंघोळ झाल्यावर तुळशीपाशी उभी राहते, "घेऊ का गं?" विचारते, मग दोन पानं खुडते. द्वादशीला तेही नाही. पाडव्याला कडुलिंबाचा डहाळा आणते तो उजाडल्यावर, आणि लागेल तेवढाच. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला जागं असताना विचारून घ्यायचं, अशी तिची रीत आहे. तिच्या आईचीही तीच होती. आणि कमाटी बाग १८७९ पासून सगळ्या बडोद्याची आहे. तिथलं फूल तर सकाळीही तोडायचं नाही हं. आराशीला पडलेली फुलं वेच, गौरीला ती चालतात.

रविवारी मी इथे लंडनच्या रिचमंड पार्कमधल्या इझाबेला प्लँटेशनमध्ये गेले होते. हे झाडीतलं उद्यान आहे. १८३१ मध्ये लॉर्ड सिडमथ यांनी जंगलाचा हा तुकडा कुंपण घालून वेगळा केला, लाकडासाठी ओक, बीच, चेस्टनट लावले. त्या उंच झाडांच्या सावलीत पुढे फुलझाडं आली आणि १९५३ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. एप्रिल संपता संपता तळ्याच्या दोन्ही काठांनी अझेलिया इतक्या फुलतात की पाणीसुद्धा गुलाबी दिसतं. त्यातल्या पन्नास जाती सुमारे शंभर वर्षांपूर्वी विल्सन नावाच्या माणसाने जपानहून निवडून आणल्या होत्या. आपल्या चैत्रातला हळदीकुंकवाचा आरास असा उघड्यावर मांडला आहे, असं वाटलं मला, आणि तुझी फार आठवण आली. पन्हं तेवढं नव्हतं.

इथे आता सूर्य आठनंतर मावळतो. परत निघाले तेव्हा फुलांनी वाकलेली एक फांदी वाटेत आडवी आली होती. बाजूला सारायला हात गेला, पण उजेड गेलेला दिसला आणि मी हात मागे घेऊन खालून वाकून गेले. मागून एक बाई येत होत्या, त्याही वाकल्या.

आज संध्याकाळी आजीला घेऊन चिंचेखाली जा. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पहिली पानं किती वाजता मिटली, तेवढं मला लिहून पाठव.

तुझी,
आई