प्रतिज्ञा तोंडपाठ, पण थाळी लपवलेली

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक आहे. आमचा परिपाठ चांगला होतो. प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, बोधकथा, सगळं मुलंच घेतात. दिवाळीनंतर बीडकडची ऊसतोड टोळी आली आणि तिच्यातला एक मुलगा माझ्या वर्गात बसू लागला. त्याच्या बोलण्याला मुलं हसतात. गेल्या आठवड्यात खिचडीच्या वेळी तिघांनी त्याची थाळी लपवली. तो उपाशीच खोपीवर गेला, तो परत आलाच नाही. तिघांतला एक तर रोज प्रतिज्ञा सांगणारा. मुख्याध्यापक म्हणतात, तिघांना परिपाठात उभं करून माफी मागायला लावा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही सुचत नाही.
— एक शिक्षक

उत्तर : सर, आधी खोपीवर जा. संध्याकाळी जा, कारण आईबाप पहाटेच फडात गेलेले असतात. पोरगं थाळीमुळे येत नसेल, किंवा धाकट्या भावंडापाशी कुणी नसेल म्हणूनही येत नसेल. गेल्याशिवाय कळणार नाही. त्याला एवढंच सांगा की तुझी जागा रिकामी आहे आणि मला ती दिसते.

आता ते तिघे. तुम्हाला पटत नाही ते बरोबर आहे. मी कराड तालुक्यात शिकवत होते तेव्हाची गोष्ट. वर्गात एका मुलीची कंपासपेटी हरवली. माझा संशय टोळीतल्या एका मुलावर गेला. का गेला, याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. सगळ्यांसमोर मी त्याचं दप्तर उलटं केलं. त्यात दोन वह्या आणि भाकरीचं फडकं. पेटी त्या मुलीच्या घरीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला व्हरांड्यात बोलावून माफी मागितली. ते ऐकून वर्गातली एक पोरगी म्हणाली, "बाई, दप्तर सगळ्यांसमोर तपासलंत, मग माफी बाहेर का?"

त्यानंतरच्या सकाळी परिपाठात मी ते सगळ्या शाळेसमोर सांगितलं. पाय थरथरत होते. पुढे महिन्याभरात दोन मुलं आपणहून माझ्याकडे आली, खिडकीची काच आम्ही फोडली म्हणून सांगायला. तोवर इतक्या वर्षांच्या नोकरीत असं एकदाही झालं नव्हतं.

ज्याच्या हाती छडी असते त्याने चूक कबूल केली की मुलं ते बघून शिकतात. ज्याला उभं केलं जातं तो फक्त पुढच्या वेळी सापडू नये एवढंच शिकतो. म्हणून तिघांशी वेगवेगळं बोला. काय झालं ते त्यांच्या तोंडून येऊ द्या, आणि विचारा, आता तू काय करशील? उत्तराची घाई करू नका. एखादा म्हणेल, मी खोपीवर येतो. तर आधी त्या मुलाला विचारा, त्याला ते चालणार आहे का.

मग तुमच्या शाळेचा दिवस नीट बघा. खिचडीला कोण कुणाशेजारी बसतं? वाढतं कोण? आमच्या भिंतीवर दहा मूल्यं रंगवलेली होती, त्यात 'स्त्री-पुरुष समानता' ठळक, आणि त्याच भिंतीखाली रोज मुलीच झाडत होत्या. माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. आम्ही चिठ्ठ्या टाकून पाळ्या लावल्या, एक पाळी माझी. एका मुलाचे वडील भांडायला आले, आमचा पोरगा घरी झाडू धरत नाही म्हणून. मी त्या वेळी झाडतच होते. त्यांना पटलं नाही. पोरगा मात्र वर्षभर झाडत राहिला.

उद्देशिका २०२० पासून आपण परिपाठात वाचतो. एखाद्या सकाळी 'व्यक्तीची प्रतिष्ठा' या शब्दांपाशी थांबा आणि विचारा, आपल्या शाळेत कुणाची प्रतिष्ठा कुठे कमी होते? थाळीचं नाव तुम्ही काढू नका. मुलं काढतील. काही बोट तुमच्याकडेही येईल, ते येऊ द्या.

आणि बोलीला हसणाऱ्यांना एक गोष्ट सांगा. जी प्रतिज्ञा ती रोज म्हणतात ती मूळची मराठी नाहीच. १९६२ साली पैडीमर्री वेंकट सुब्बाराव या सरकारी अधिकाऱ्यांनी ती तेलुगूत लिहिली. 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' हे शब्द परक्या बोलीतून आपल्याकडे आले आणि आपण ते आपले मानले. त्या मुलालाही सांगा, त्याच्या गावाकडे पावसाला, भाकरीला, भांडणाला काय काय म्हणतात ते फळ्यावर लिही. फळ्याजवळ तो उभा आणि बाकीचे वहीत उतरवून घेताहेत, असं एकदा होऊ द्या.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टोळी परत जाईल. त्याआधी त्याचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे गाव बदलणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या शाळेत पुढे चालू राहावं म्हणून द्यायचं कार्ड, तुम्ही स्वतः भरा आणि त्याच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना फोन करा, हा मुलगा येतोय म्हणून. फोन वर्गात बसूनच करा.